नगरपंचायतीने उद्योगासाठी रोखे काढावेत का? संत्रा पट्ट्यातल्या एका नगरसेवकाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमची नगरपंचायत संत्रा पट्ट्यातली, लोकसंख्या सतरा हजारांच्या आसपास. गावात संत्र्याचे ग्रेडिंग (प्रतवारी), वॅक्सिंग (फळाला मेणाचा थर देणे) आणि शीतगृह असा १२ कोटींचा प्रकल्प व्हावा, पोरांना काम मिळावे, ही इच्छा. अमेरिकेत नगरपालिका रेव्हेन्यू बाँड विकून कारखाने उभारतात असे वाचले. पुणे महापालिकेनेही रोखे काढलेत. मग आम्ही का काढू नयेत? सभेत ठराव मांडायचा आहे, कसा मांडू?’

नमस्कार भाऊ. माझी सारी नोकरी नगरपालिकांच्या लेखा विभागात झाली. आता शेतकरी कंपन्या आणि छोट्या नगरपंचायतींचे प्रकल्प अहवाल तपासून देतो. तुमचा प्रश्न मनापासून आवडला, कारण विदर्भातला नगरसेवक रस्ते-नाल्यांच्या पलीकडे जाऊन उद्योगाचा विचार करतो आहे. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

तुम्ही विचारलेय ‘पैसा कसा उभारायचा’. पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. रोखे म्हणजे मिळालेला पैसा नव्हे. उद्या येणारे उत्पन्न आज विकणे म्हणजे रोखे. म्हणून घेणारा पहिल्यांदा हेच विचारतो की ते उत्पन्न कोणाचे, कोणत्या खात्यात येणार आणि कोणत्या तारखेपासून येणार. या तिन्हींची उत्तरे कागदावर असतील तर पैसा उभा करण्याचे चार रस्ते निघतात. नसतील तर ठराव कितीही चांगला लिहा, पुढे सरकत नाही.

आधी अमेरिकेचे बघू, कारण तिथले उदाहरण अर्धेच वाचले जाते. मंदीच्या काळात, १९३६ मध्ये, मिसिसिपी राज्याने गव्हर्नर ह्यू व्हाइट यांच्या पुढाकाराने कायदा करून गावांना रोखे काढून कारखान्याच्या इमारती बांधायची मुभा दिली. कापूस पिकवणारे, गरीब, शेतीवरच उभे असलेले राज्य होते ते. आपल्या यवतमाळ-वर्ध्याची आठवण यावी असे. त्या पहिल्या रोख्यांमागे गावाचा करच तारण होता. कारखाना बंद पडला तर हप्ता गावकऱ्यांच्या करातून जायचा. पुढे जो प्रकार रुळला तो महसुली रोख्यांचा, म्हणजे तुम्ही वाचलेल्या रेव्हेन्यू बाँडचा. त्यात नगरपालिका फक्त नाव देते. इमारत आणि यंत्रे कंपनीला भाड्याने जातात, भाडे थेट रोखेधारकांच्या वतीने पैसा सांभाळणाऱ्या विश्वस्ताच्या खात्यात पडते आणि त्यातूनच व्याज-मुद्दल फिटते. कंपनी बुडाली तर नुकसान रोखेधारकाचे, गावाच्या घरपट्टीला हात लागत नाही.

मग लोक असे रोखे घेतात कशाला? कारण त्यांच्या व्याजावर केंद्राचा आयकर लागत नाही. कर नाही म्हणून व्याजदर कमी, आणि व्याजदर कमी म्हणून कंपनी त्या गावात यायला तयार. सगळा खेळ या करसवलतीवर उभा आहे. तिचा इतका वापर झाला की अमेरिकी संसदेने १९६८ मध्ये लगाम घातला आणि १९८६ मध्ये तो आणखी आवळला. आज छोट्या उत्पादन उद्योगांसाठीच्या अशा करमुक्त रोख्यांना १ कोटी डॉलरची मर्यादा आहे. आपल्याकडे नगरपालिकेच्या रोख्यांना अशी सरसकट करसवलत नाही. त्यामुळे तिथला सांगाडा इथे आणला तरी त्यातला जीव तिथेच राहतो.

आता आपल्याकडचे. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. आधी काही वर्षे जकात आणि मालमत्ता कराची वसुली सुधारली, मग जकातीचे उत्पन्न वेगळ्या खात्यात बांधून दिले, आणि मगच बाजारात गेले. नागपूर महापालिकेने २००१ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ५० कोटी उभारले. पुण्याने २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटी ७.५९ टक्क्यांनी उभारले. त्याच्या पाठोपाठ लखनौ, गाझियाबाद, इंदूर, पिंपरी-चिंचवड. या यादीत एकही नगरपंचायत नाही आणि पैसा पाणी, सांडपाणी, रस्ते, सौरऊर्जा अशा कामांसाठी उभारलेला आहे. खासगी धाटणीच्या कारखान्यासाठी कोणीही काढलेला नाही.

कायद्याने दार बंद आहे का? पूर्ण नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१५ मध्ये नगरपालिकांच्या रोख्यांसाठी नियमावली केली आणि नगरपालिका या व्याख्येत नगरपंचायतही येते. ग्रामपंचायत येत नाही. पण नगरपंचायतीला कर्ज उभारायला राज्य सरकारची मंजुरी लागते, हिशेब दुहेरी नोंद पद्धतीने ठेवलेले आणि लेखापरीक्षण झालेले लागतात, गेल्या वर्षभरात कोणत्याही कर्जाचा हप्ता थकलेला चालत नाही, आणि ज्या उत्पन्नातून परतफेड होणार त्यासाठी स्वतंत्र एस्क्रो खाते, म्हणजे ज्यातला पैसा आधी परतफेडीलाच बांधलेला असे खाते, ठेवावे लागते. त्यात पतमानांकन, रोखे बाजारात आणून देणारा मर्चंट बँकर, विश्वस्त, वकील, शेअर बाजारातली नोंदणी हे खर्च. रक्कम लहान असली म्हणून हे खर्च त्या मानाने घटत नाहीत. २०० कोटींच्या रोख्यांवर ते पसरून जातात, १० कोटींवर जड पडतात. त्यामुळे बाजारातले बहुतेक रोखे १०० ते २०० कोटींच्या घरातले दिसतात. केंद्राने शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठीच्या अमृत योजनेतून दिलेले प्रोत्साहनही याच मापाचे होते: दर १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी.

शिवाय आपल्या छोट्या नगरपालिकांच्या हातात आपोआप वाढणारे उत्पन्न उरले आहे कुठे? जकात नगरपालिकांची १९९९ मध्ये गेली. उरली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि वरून येणारे अनुदान. अनुदान ठरावीक कामासाठी बांधलेले असते, ते तारण ठेवता येत नाही. म्हणून मी कोणत्याही नगरपंचायतीत गेलो की पहिल्यांदा मागणी नोंदवही, म्हणजे कोणाकडून किती कर येणे आहे त्याची वही, मागतो आणि चालू मागणी (यंदाचा कर) व थकबाकी वेगवेगळी करून वसुलीची टक्केवारी काढतो. साहेब लोक बऱ्याचदा दोन्ही मिसळून सांगतात. मार्चअखेर लोकअदालतीत जुनी थकबाकी वसूल झाली की आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी परत खाली येतो. पैसे देणारा तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून बघतो, तेव्हा हे लपत नाही.

आता तुमच्याच प्रकल्पाचे गणित करू. दर मी समजण्यापुरते धरतोय, तुम्ही तुमचे घाला. प्रकल्प १२ कोटींचा. साधारण २० टक्के स्वतःचे किंवा अनुदानाचे धरले तर कर्ज राहते ९ कोटी ६० लाख. ९ टक्के व्याज, १० वर्षे मुदत. वर्षाला हप्ता येतो जवळपास दीड कोटी. हप्त्याइतकेच उत्पन्न दाखवून कोणी पैसे देत नाही. मी स्वतः सव्वापट ते दीडपट मागतो. १.३ पट धरा, म्हणजे विजेचे बिल, मजुरी, मेण, क्रेट, दुरुस्ती सगळे वजा जाऊन १ कोटी ९५ लाख हातात उरले पाहिजेत. किलोमागे खर्च जाऊन १ रुपया सुटतो असे धरले तर १९,५०० टन संत्रा या केंद्रातून गेला पाहिजे. आंबिया आणि मृग दोन्ही बहार मिळून कामाचे ११० दिवस धरले तर रोज १७७ टन. १० टनी गाडी धरली तर रोज १८ गाड्या. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ३६.

तुमच्या गावातून आज मोसमात रोज किती गाड्या भरून निघतात? आणि त्यांतल्या किती तुमच्या केंद्रावर थांबतील? व्यापारी बागेतच सौदा करतो, झाडाखालीच वेचणी करून गाडी भरतो. तो तुमच्या दारी येण्यासाठी त्याला किलोमागे काहीतरी जास्त सुटले पाहिजे. फळगळ झालेल्या वर्षी काय? बांगलादेशाने आयात शुल्क वाढवले तेव्हा आपल्या संत्र्याची तिकडची निर्यात कशी घसरली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. हप्त्याला यातले काहीच कळत नाही. आणि मोसम संपल्यावर शीतगृहात काय ठेवणार, हे अहवालात ठळक लिहिलेले मी फार कमी वेळा पाहिलेय.

हे मी इतके लावून का धरतो ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका छोट्या नगरपालिकेत होतो. माझ्या आधीच तिथे कर्ज काढून लघुउद्योगांसाठी २४ गाळे बांधले होते. हेतू खरोखर चांगला होता. पण गाळे बांधण्याआधी एकाही उद्योजकाशी लेखी करार नव्हता. ९ गाळे गेले, त्यातल्या तिघांचे भाडे थकले. हप्ता मात्र दर तिमाहीला उभा. पैसा कुठून द्यायचा? पाणीपट्टीच्या खात्यातून तात्पुरता वळवला. तात्पुरते म्हणता म्हणता दोन वर्षे गेली. एका जुलैत नदीला गढूळ पाणी आले आणि जलशुद्धीकरण केंद्रावरून चिठ्ठी आली की तुरटी चार दिवसांपुरतीच उरली आहे. पुरवठादाराचे जुने बिल बाकी असल्याने तो माल देईना. ती चिठ्ठी मीच नोंदवली होती. माझ्यासमोर एक बाई पाणीपट्टीची पावती घेऊन उभी होती. तिने वेळेवर पैसे भरले होते आणि तिचे पैसे त्या रिकाम्या गाळ्यांच्या हप्त्यात गेले होते. त्या दिवसापासून मी एक गोष्ट कधीच सोडली नाही: उद्योगासाठीच्या कर्जाचे खाते वेगळे, आणि त्याला घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा लागू द्यायचा नाही. महसुली रोख्यांमधून आपण घेण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे, आणि ती रोखे न काढताही घेता येते.

दुसरा अनुभव उलटा. कापूस पट्ट्यातल्या एका गावाने जिनिंगच्या रस्त्यावर धर्मकाटा, म्हणजे भरलेल्या गाड्या तोलणारा काटा, बसवला. कर्ज अगदी लहान होते. पण काटा लावण्याआधी सरपंच आणि ग्रामसेवक दोघे मिळून चार जिनिंगवाल्यांकडे गेले आणि मोसमात किती गाड्या इथे तोलाल ते लिहून आणले. रोजची वजन-पावती क्रमांकाने फाडायची, संध्याकाळी बेरीज करून दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतंत्र खात्यात भरायची, त्या खात्यातून हप्त्याशिवाय फक्त वीज आणि ऑपरेटरचा पगार, बाकी काहीही नाही. एका सभेत कोणीतरी त्या पैशातून स्वागत कमान करू म्हणाले. सरपंच म्हणाले, ‘काट्याचा पैसा काट्यालेच लागन.’ कर्ज मुदतीआधी फिटले.

आता तुमच्यासाठी मी काय करीन ते सांगतो. यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आहेत: जागा नगरपंचायतीच्या मालकीची आहे की गायरान, तुमच्या भागात चालणारी शेतकरी उत्पादक कंपनी आहे का, जवळ एमआयडीसीचा भूखंड रिकामा आहे का, तुमची चालू वसुली किती. उत्तरे बदलली तर तपशील बदलतील.

मी आधी प्रकल्पाचे दोन भाग करीन. कारखाना बंद पडला तरी गावाच्या कामी येणाऱ्या वस्तू एका बाजूला: पोचरस्ता, पाणी, नाली, वीजजोडणीपर्यंतची सोय, काँक्रीटचा ओटा, धर्मकाटा. नगरपंचायतीने हात घालायचा तो इथे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत पाणीपुरवठा लिहिला आहे तो घरगुती, औद्योगिक आणि व्यापारी अशा तिन्ही कारणांसाठी. म्हणजे उद्योगाला पाणी देणे हे तुमचे हक्काचे काम आहे, आणि औद्योगिक दराने दिलेले पाणी हे मोजता येणारे, करारात बांधता येणारे उत्पन्न आहे. ग्रेडिंग लाइन, वॅक्सिंग, शीतगृहाची यंत्रे दुसऱ्या बाजूला. तो धंदा आहे, तो ज्याला चालवता येतो त्याने कर्ज काढून करावा.

तो कोण? शेतकरी कंपनी असेल तर उत्तम. २०२० पासून केंद्राचा कृषी पायाभूत सुविधा निधी आहे. त्यात २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत आणि पतहमी मिळते. प्रतवारी केंद्र, पॅक हाउस, शीतगृह हे सगळे त्यात बसते. बाजार समितीलाही त्यातून कर्ज घेता येते. योजनेच्या अटी-मुदती बदलत राहतात, म्हणून सध्याची स्थिती बँकेच्या शाखेत विचारून घ्या. गणित असे बदलते: शीतगृह तूर्त बाजूला ठेवा, फक्त ग्रेडिंग-वॅक्सिंगची लाइन आणि शेड ३ कोटींत बसवा, कर्ज २ कोटी. सवलत धरून ६ टक्के पडले तर ७ वर्षांसाठी वर्षाचा हप्ता ३६ लाखांच्या आसपास. १.३ पटीने ४७ लाख, म्हणजे ४,७०० टन, म्हणजे रोज ४३ टन, चार-साडेचार गाड्या. अठरा गाड्यांचे आश्वासन मला कोणी दिले तर मी विश्वास ठेवणार नाही. साडेचार गाड्यांचे दिले तर बसून बोलू. शीतगृह दोन मोसमांच्या आकड्यांवर नंतर ठरवता येते.

एमआयडीसीचेही बघा. १९६२ पासून ती हेच काम करते आहे: जमीन घेणे, रस्ते-पाणी करणे, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड देणे. विदर्भातल्या बऱ्याच तालुक्यांच्या औद्योगिक वसाहतींत फलक आहे, रस्ता आहे, भूखंड मोकळे आहेत. तिथे भूखंड मिळत असेल तर नगरपंचायतीने नवी जागा विकसित करण्यात पैसा का घालायचा? आणि राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्याच्या मागासलेपणानुसार सवलती वाढत जातात. तुमचा तालुका कोणत्या गटात आहे ते जिल्हा उद्योग केंद्रात एका फेरीत कळते.

रोख्यांचा विचार कायमचा सोडा असे मी म्हणत नाही. एकटी छोटी नगरपालिका बाजारात टिकत नाही, पण एकत्र आल्या तर टिकतात. तमिळनाडूत २००२ मध्ये १३ छोट्या नागरी संस्थांच्या पाणी आणि मलनिस्सारणाच्या कामांसाठी एका सामाईक निधीने ३० कोटी ४१ लाखांचे रोखे १५ वर्षांच्या मुदतीने काढले. प्रत्येक संस्थेचे उत्पन्न एस्क्रोत बांधलेले होते आणि वर हमीचे थर होते, राज्याचा आधारही होता. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या नगरपालिकांनी आणि आजूबाजूच्या नगरपंचायतींनी उद्योगाला पाणी देण्याची एकत्र योजना केली आणि राज्याने तसा निधी उभा केला, तर हे विदर्भात का होऊ नये? मला ते व्हावेसे फार वाटते. पण तिथवर जायला प्रत्येक संस्थेकडे तीन वर्षांचे स्वच्छ हिशेब आणि न चुकलेले छोटे हप्ते असावे लागतात. ती पुंजी आजपासून जमवता येते.

ठरावाबद्दल. ‘रोखे उभारण्यास मंजुरी’ असा ठराव आणू नका. तो मंजूर होईल, वर्तमानपत्रात येईल आणि फाइल जिल्ह्याला जाऊन पडेल. त्याऐवजी तीन गोष्टी एकाच ठरावात मागा. पहिली, प्रस्तावित जागेची मालकी आणि पाण्याची उपलब्धता यावर मुख्याधिकाऱ्यांनी महिनाभरात लेखी अहवाल द्यावा. दुसरी, औद्योगिक पाण्याचा दर ठरवून त्याचे उत्पन्न स्वतंत्र खात्यात ठेवावे आणि त्या खात्यातून इतर खर्च करू नये. तिसरी, शेतकरी कंपनी, बाजार समिती आणि व्यापाऱ्यांकडून किमान मालाची लेखी हमी मागवावी. ‘आम्ही सहकार्य करू’ अशा पत्राला काही किंमत नाही. टन लिहिलेला हवा, किलोमागचा दर लिहिलेला हवा, आणि तेवढा माल नाही आला तर किती रक्कम भरणार तेही. सही करताना माणूस त्या शेवटच्या ओळीवर थांबतो. तो थांबला की प्रकल्पाचा खरा आकार तुम्हाला समजेल.

आंबिया बहाराच्या गाड्या सुरू झाल्या की दोन पोरांना नाक्यावर वही घेऊन पंधरा दिवस बसवा. किती गाड्या, कोणत्या बागेकडून, कुठे निघाल्या, एवढेच लिहायचे. ती वही, चालू मागणीच्या वसुलीचे तीन वर्षांचे आकडे आणि जागेचा सातबारा हाती आला की मला पाठवा. अहवालाचे आकडे आपण बसून एकत्र मांडू.